वाइंडिंगवालीचा पान्हा

आमच्या घरात सुना दोन. मोठी मी, आणि माझ्यानंतर आली ती धाकटी. तिला नाव आहे, चांगलं आहे, पण घरात ते कुणी घेत नाही. कामावर तिला ‘वाइंडिंगवाली’ म्हणतात. जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळायच्या, हे तिचं काम. पाण्याचा पंप असो, पंखा असो, पिठाच्या गिरणीची मोटर असो, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, खाचा साफ करायच्या आणि केसासारखी बारीक तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून नव्याने भरायची.

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "मुलगी कसलं काम करते?" माझे दीर म्हणाले, "गुंडाळायचं." सासूबाईंना वाटलं, दोऱ्याच्या रिळांचा कारखाना असेल. कितीतरी दिवस शेजारणींना त्या तेच सांगत होत्या. मग एकदा घरातला पंखा बंद पडला आणि नव्या सुनेने तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडून आतडी बाहेर काढली, तेव्हा कुठे त्यांना उलगडा झाला.

धाकटी कुणाशी भांडत नाही. ‘बरं’ म्हणते आणि स्वतःला पटलेलं तेच करत राहते. त्यापेक्षा भांडणारं माणूस परवडलं, त्याची निदान समजूत घालता येते.

तिचं बाळ आलं ते फार लवकर. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला अजून पुष्कळ अवकाश होता, म्हणून ती कामावर जात होती. मोटर पुढ्यात असतानाच कळा सुरू झाल्या. वर्कशॉपचे मालक, सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात, त्यांनी मोटरी पोचवायच्या टेम्पोत तिला घातलं आणि हॉर्नवरचा हात न काढता दवाखान्यात आणलं. मी पोचेपर्यंत मुलगी झालीसुद्धा होती. माझ्या पंजात मावेल एवढी. रडायचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा. आईला नीट दाखवायच्या आधीच तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकातून पोटात एक बारीक नळी घातली आणि दार लोटून घेतलं.

लहान बाळांच्या त्या विभागावर एक मोठ्या सिस्टर होत्या. आवाज करवतीसारखा, हात मात्र लोण्यासारखे. धाकटीला नीट बसताही येत नव्हतं, तेव्हा त्या तिच्या खाटेपाशी आल्या.

"तुमच्या मुलीला अजून चोखता येत नाही," त्या म्हणाल्या. "ती शिकेपर्यंत तिचं काम तुम्ही करायचं. ती जवळ असती तर जेवढ्या वेळा प्यायली असती, तेवढ्या वेळा तुम्ही दूध काढायला बसायचं. दिवसा, रात्री, कंटाळा आला तरी. निघालं नाही तरी बसायचं. मागणारं कुणीतरी आहे, हे शरीराला कळलं पाहिजे. त्याला वाटलं की कुणी मागत नाही, तर ते दुकान बंद करतं."

मग त्यांनी हाताने दूध कसं काढायचं ते दाखवलं. बोटं कुठे ठेवायची, आधी मागे छातीकडे दाबून मग पुढे कशी आणायची, बोटं कातडीवरून न घासता. पुष्कळ खटाटोपानंतर पिवळसर, चिकट असा एक थेंब आला. मग आणखी एक. सिस्टरांनी ते सुईशिवायच्या सिरिंजमध्ये टिपून घेतले.

"एवढंच?" धाकटीने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"एवढंच म्हणजे? तिचं पोट गोटीएवढं आहे. तिला ही मेजवानी आहे. आमच्या कपाटातल्या कुठल्याही औषधापेक्षा हे मोलाचं." आणि त्या सिरिंज अशी जपून घेऊन गेल्या की जणू अत्तर आहे.

घरी सासूबाई वेगळंच गाणं गात होत्या. "आपल्या घरात दूध नाहीच. मला नाही आलं, हिला नाही आलं." ही म्हणजे मी. आम्ही तिघी तीन वेगळ्या घरांत जन्मलेल्या, तीन वेगळ्या आयांच्या पोटी. पण सासूबाईंच्या मते ह्या घराचा उंबरठा ओलांडला की बाईचं आटायचंच, जणू भिंतींनीच शोषून घ्यावं. माझी दोन्ही मुलं डब्याच्या दुधावर वाढली, धडधाकट आहेत, त्याचं मला दुःख नाही. पण धाकटीचं तसं नव्हतं. तिची मुलगी काचेपलीकडे होती. तिच्यासाठी आईला करता येण्यासारखं हे एकच काम हाती होतं.

शेजारपाजारही गप्प बसेना. कुणी बियांची पूड आणून दिली, कुणी कसलासा काढा सांगितला. एकीने तर ‘भरपूर दूध प्या, म्हणजे दूध येईल’ असंही सुनावलं. धाकटी सगळ्यांना ‘बरं’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पुड्या सिस्टरांपुढे ओतल्या.

"मग गवत खाल्लं की हंबरायला येतं का?" सिस्टर म्हणाल्या. "भूक लागेल तेवढं जेवा, तहान लागेल तेवढं पाणी प्या, डोळा लागेल तेव्हा झोपा. बाकी दूध पोटातून येत नाही, मागणीतून येतं. ह्या पुड्या मला विचारल्याशिवाय घेऊ नका, पोरीच्या पोटात काय जाईल सांगता येत नाही."

धाकटीला घरी सोडलं, मुलगी तिथेच राहिली. रिकाम्या हातांनी ती आली, आणि आल्या आल्या भाड्याने आणलेला दूध काढायचा पंप टेबलावर मांडून बसली. विजेवर चालणारा, लहानसा. तिने तो आधी उलटासुलटा करून पाहिला. आतल्या मोटरीचा आवाज कान लावून ऐकला. आम्हाला हसू आलं, पण तिथेच तिचा घात झाला. तिचा आयुष्यभराचा अनुभव पाण्याच्या पंपांचा. पाणी कमी येतंय, तर ओढ वाढवा! तिने बटण फिरवून पार टोकाला नेलं.

मी तिला विचारलं, "दुखत नाही का गं?"

"दुखतं. पण येईल."

ती तशीच बसत राहिली, दात आवळून. मी एकदा तिचे कपडे धुवायला घेतले तर आतून रक्ताचे डाग. छाती सुजून लाल झाली होती, आणि बाटलीत दूध वाढायच्या ऐवजी कमीच येत होतं. मी काही ऐकून घेतलं नाही. तिला तशीच रिक्षात घातली आणि सिस्टरांपुढे उभी केली.

सिस्टरांनी पाहिलं मात्र, करवत सुरू झाली. "अहो बाई, हा विहिरीवरचा पंप नाही! जीव आहे तिथे! दुखलं की शरीर अंग चोरतं, आणि अंग चोरलं की दूध अडतं. जास्त जोर नको, जास्त वेळा हवं. आणि ही वाटी कुणी दिली तुम्हाला? ही तुमच्या मापाची नाहीच." त्यांनी पंपाच्या तोंडाशी लागणारी लहान मापाची वाटी शोधून दिली, ओढ निम्म्याहून खाली आणली. आधी गरम पाण्यात पिळलेला पंचा ठेवायचा, मग हलक्या हाताने चोळायचं, मग पंप, आणि शेवटी पुन्हा हाताने, हा क्रम त्यांनी स्वतः करून दाखवला.

परत येताना धाकटी रिक्षात म्हणाली, "ताई, तार जोरात ओढली की तुटते. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. आणि इथे मी स्वतः काय करत बसले होते?"

त्या दिवसापासून तिने कामाची पद्धतच बदलली. दवाखान्यात मुलीच्या पेटीशेजारी खुर्ची टाकून बसायची, काचेतून तिच्याकडे बघत बघत पंप लावायची. सिस्टरांनी मुलीच्या अंगाखालचा एक फडका तिला घरी न्यायला दिला होता. घरी बसताना तो नाकाशी धरायची. माझे दीर पावाच्या भट्टीवर कामाला. पहाटे जायचे, दुपारी भुवयांत मैदा घेऊन परतायचे. आल्यावर पहिलं काम म्हणजे पंपाच्या वाट्या, नळ्या, बाटल्या धुऊन उकळायच्या. "भट्टीवर मालक वेगळा, घरी मालकीण वेगळी," ते म्हणायचे. "पण उष्णता तीच." मी त्यांना त्याआधी कधी स्वतःचा कप विसळताना पाहिलं नव्हतं.

हळूहळू बाटलीत दूध चढू लागलं. आधी तळ झाकला जाई, मग बोटभर. एकदा बाटली अर्धी झाली तर ती उंच धरून धाकटी मला दाखवायला स्वयंपाकघरात धावत आली, नि मीही हातातलं लाटणं टाकून बघत राहिले.

आणि मग मुलीला ताप भरला.

कुठूनसा संसर्ग झाला होता. पेटीभोवती आणखी यंत्रं आली, नळीतून दूध देणं थांबवलं. धाकटीला आत जाऊ देईनात. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली, आणि तिचं दूध एका दिवसात जे ओसरलं ते थेंबांवर आलं. पंप खर्रखर्र करायचा आणि बाटली कोरडी. मी शेजारी बसायचे. तिला घास भरवायचे, पाणी द्यायचे आणि तिच्या मांडीवरची कोरडी बाटली माझ्याच्याने बघवायची नाही.

सासूबाई आल्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "पुरे कर गं आता. किती छळशील जिवाला? डब्याचं दूध आहे ना. मोठीच्या पोरांनी तेच प्यायलंय."

नेमके तेव्हाच डॉक्टर बाहेर आले. ताप उतरतोय, म्हणाले. उद्यापासून पुन्हा थोडं थोडं दूध सुरू करू, आईचं पुरेसं नसेल तर पावडरचं देऊ.

धाकटी उठून उभी राहिली. "द्या डॉक्टर. तिला जे लागेल ते द्या. तिचं पोट भरलं पाहिजे, त्यात माझा मान-अपमान काही नाही. पण माझं काढणं थांबणार नाही." मग सासूबाईंकडे वळली. "आई, ती एवढीशी पोर आत झगडतेय. ती बरी होऊन माझ्याकडे आली आणि मी दुकान बंद करून बसलेली असले तर?"

डॉक्टर म्हणाले, "थांबवा असं कोण म्हणतंय? तुमचे थेंब आधी जातील, पावडर नंतर."

‘बरं’ न म्हणता ती सरळ बोलली, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मुलगी सावरली. थोडं वजन धरलं तेव्हा एका सकाळी सिस्टरांनी धाकटीला आत बोलावलं, आरामखुर्चीत रेलून बसवलं, तिच्या झग्याच्या नाड्या सोडायला लावल्या आणि ती उघडी पोर तशीच, नळ्यांसकट, तिच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली. वरून दुलई. मला काचेतून दिसत होतं. पोरीने डोकं जरा हलवलं, नाक घासलं, आणि बेडकासारखे पाय पोटाशी घेऊन निपचित पडली. धाकटी श्वास घ्यायलाही घाबरत होती.

थोड्या वेळाने तिने मान वर करून सिस्टरांना हाक मारली. तिचा चेहरा कसनुसा झाला होता, मला वाटलं काही बिनसलं. "सिस्टर, सगळं ओलं होतंय."

दुलईखाली दोन्ही बाजूंनी दूध वाहत होतं. पंप नाही, पंचा नाही, हात नाही. पोरीच्या गालाखालून ओघळून खुर्चीवर सांडत होतं. सिस्टर वाटी शोधायला धावल्या आणि धावता धावता ओरडल्या, "पान्हा फुटला! अहो, पान्हा फुटला!" तो करवती आवाज सगळ्या मजल्याने ऐकला असेल. पुढे रोज, जमेल तितका वेळ, पोर छातीवर असायची आणि तिला ठेवून झालं की पंप. बाटल्या भरू लागल्या.

तोंडात घेऊन ओढायला ती सहजासहजी शिकली नाही, हेही सांगायला हवं. आधी नुसती चाटायची, मग ठसकायची, मग दमून झोपायची. धाकटीने तिला घाई केली नाही. मुलगी घरी आली तेव्हासुद्धा अंगावर पाजणं, मग काढलेलं दूध चमच्याने, आणि संध्याकाळी कमी पडलं की थोडं डब्याचं, असा तिपेडी कारभार चालू होता. वजनाला नेलं की सगळ्यांचे जीव टांगणीला.

ह्या दिवसांत सासूबाईंमध्ये बदल झाला. एकदा धाकटी पाजत असताना त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही तर मघाशीच प्यायली. पुन्हा?"

"मागतेय ना, आई. जितकं मागेल तितकं येतं."

"मला सांगितलं होतं, पोरं रडली तरी घड्याळ बघूनच पाजायचं," सासूबाई म्हणाल्या. "मी दाराआड उभी राहून काटा सरकायची वाट बघायचे. माझं अंग भिजायचं. मग हळूहळू भिजायचंही थांबलं." त्या उठल्या, जाऊन दार लावून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसल्या. तेव्हापासून बाळ बघायला येणाऱ्यांची त्यांच्याशीच गाठ पडायची. "आत जायचं नाही. काम चालू आहे," त्या सांगायच्या. त्यांची सख्खी बहीणसुद्धा त्यांनी तशीच परत पाठवली.

रजा संपली. वर्कशॉपमध्ये वार्निशचा वास, तापलेल्या भट्ट्या, तान्हं मूल तिथे न्यायची सोय नाही. धाकटी आदल्या दिवशी मिस्त्रीकाकांकडे गेली. बरोबर मी होते. तिथे सगळे पुरुष.

"काका, मला मधून मधून उठावं लागेल. आतून कडी लागणारी एक खोली पाहिजे. बाकी काही नको."

मिस्त्रीकाका घाम पुसू लागले. "कशाला… म्हणजे… तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे. मुलीसाठी दूध काढायचंय."

काकांनी छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग माझ्याकडे. मी काय मदत करणार! शेवटी ते म्हणाले, "कडी फक्त तांब्याच्या कोठीला आहे."

"चालेल."

ती कोठी म्हणजे तारेच्या रिळांची अडगळ. धाकटीने ती झाडली, पुसली, एक स्टूल आणि बर्फाचा डबा आत ठेवला. पहिल्या दिवशी एका कारागिराने टोमणा मारला, "तांबं मोजायला गेली की काय?" ती म्हणाली, "नाही, तुझ्यापेक्षा चांगलं माणूस वाढवतेय." सगळे हसले, तोही हसला आणि विषय मिटला.

पण विषय मिटला म्हणून बाटली थोडीच भरते? पहिल्या आठवड्यात कामाच्या रेट्यात तिच्या बैठका चुकत गेल्या. एकदा तर वेढे भरण्याच्या नादात पुढचा सगळा अ‍ॅप्रन भिजला. घरी आली तेव्हा छातीत गाठी, आणि पुढचे दोन दिवस दूध पुन्हा उतरलं. मुलगी चिडून रडायची. डब्याचा चमचा पुन्हा बाहेर निघाला.

धाकटी रडली नाही. आलेल्या सुट्टीला तिने मुलीला घेऊन खोली गाठली आणि दिवसभर दोघी पलंगावरून उतरल्याच नाहीत. पोरीने मागावं, हिने पाजावं. आम्ही ताटं आत नेऊन देत होतो. संध्याकाळी ती बाहेर आली ती मला म्हणाली, "माझंच चुकलं, ताई. कामाला आधी धरलं. आता उलट धरते."

त्याची परीक्षा लगेच झाली. एका मोठ्या इमारतीचा पाण्याचा पंप जळाला होता, रहिवासी खोळंबलेले, आणि त्यांचा व्यवस्थापक मोटरीशेजारीच पाय आपटत उभा. धाकटी अर्ध्यावर आली होती. तिची वेळ झाली. तिने तारेचं टोक चिकटपट्टीने नीट अडकवलं, हात धुतले आणि कोठीकडे निघाली.

"अहो! कुठे चाललात? वर लोकांच्या नळाला पाणी नाही!"

"येते. कॉइल थांबते, हे थांबत नाही."

व्यवस्थापक मिस्त्रीकाकांवर उखडला. हे मला तिथल्या त्याच टोमणेवाल्या कारागिराने सांगितलं. आधी छताकडे बघणारे काका तेव्हा म्हणाले, "साहेब, बसा. तुमच्या लोकांना पाणी पाहिजे, तिच्या पोरीला दूध पाहिजे. ती आली की दोन्ही होईल. घाई करून भरलेली मोटर पुन्हा जळेल, मग माझ्याकडे येऊ नका." आणि त्याला स्टूल दिलं. मोटर त्याच दिवशी तयार होऊन इमारतीत पोचली.

पुढे डब्याचं दूध आपोआप मागे पडलं. धाकटीने ते ठरवून बंद केलं नाही, एक दिवस मीच डबा उघडला तर पावडरचा दगड झालेला. दवाखान्यात दाखवायला नेलं तेव्हा सिस्टरांनी पोरीच्या दंडाला चिमटा काढून पाहिला, गाल ओढले, आणि आईला म्हणाल्या, "आता तुम्ही इथे यायचं काम नाही. जागा अडवू नका." असं म्हणून वळल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

मुलगी आता घरभर चालते. भाकरीचा तुकडा खाते, भात खाते, माझ्या ताटातलं उचलते. पण आई कामावरून आली की सगळं सोडून दाराशी. धाकटीला आता तिचं अंगावरचं पिणं सोडवायचंय. सासूबाई म्हणतात, हळूहळू कमी कर, कमी मागितलं की आपोआप कमी येईल. तत्त्व बरोबर आहे, आम्हा सगळ्यांना ते आता तोंडपाठ आहे. फक्त कमी मागायचं कसं, हे पोरीला कुणी समजवायचं? काल धाकटीने तिला समोर बसवून नीट सांगितलं, आता तू मोठी झालीस. पोरीने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आईच्या मांडीवर चढली.